मास्तर पाण्यावर झोपतात म्हणे!

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. म्हणजे हसालच तुम्ही, पण निदान शेवटपर्यंत दम धरा. कारण फजिती काय, सगळ्यांचीच होते. पण अर्ध्या गावाला सायकलवर बसवून, भर उन्हात मैलोगणती नेऊन, त्यांच्यासमोर स्वतःची फजिती करून घेणारा माझ्यासारखा दुसरा कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. दोघं मिळून रडू.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. मी पनवेलच्या हायस्कुलात मास्तर. लग्न होऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. रविवारी करमणूक काय? तर भाड्याच्या सायकली काढायच्या आणि ऊन डोक्यावर घेत भटकायचं! आम्ही तिघं होतो. एक मी. दुसरा गजा, मामलेदार कचेरीतला कारकून. आणि तिसरा इस्माईल, ज्याच्या दुकानातून आम्ही सायकली घ्यायचो तो. इस्माईलला भटकण्याची काडीची हौस नव्हती. पण आपल्या सायकली आमच्या हाती सोडून त्याचा जीव दुकानात रमायचा नाही, म्हणून तो सायकलींच्या सोबतीला यायचा.

"मास्तर, तुम्ही पडलात तर डॉक्टर आहे," तो म्हणायचा, "हँडल वाकलं तर माझं कोण आहे?"

दर शनिवारी ठरायचं, उद्या उजाडायच्या आत निघायचं. आणि दर रविवारी गजा उठून, दाढी करून, देवपूजा आटोपून, दडपे पोहे खाऊन, वर "अरे, झालं की!" असं आमच्यावरच खेकसून बाहेर पडायचा, तोवर ऊन अंगणात येऊन बसलेलं असायचं.

तर अशाच एका वैशाखातल्या रविवारी आम्ही जासईच्या रस्त्याला लागलो. रस्ता कसला, लाल धुळीचा फुफाटा! सीट एवढी तापलेली, की मी अर्धा रस्ता उभ्यानेच पायडल मारलं. गजाच्या डोक्यावर ओला पंचा, तो दोन मिनिटांत पापडासारखा कडक व्हायचा. वाटेत झाड म्हणाल तर नाही. दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरीशुभ्र, डोळे दिपवणारी.

जासईच्या अलीकडे इस्माईलच्या मागच्या चाकाची हवा गेली. मिठागरावर एक झावळ्यांची खोप होती. गजा तिच्या सावलीत आडवा झाला तो घोरायलाच लागला. इस्माईल चाक उघडून बसला. आणि मी? मी पाणी शोधत हिंडायला लागलो. अंगाची नुसती लाही होत होती हो!

मिठाच्या राशींच्या मागे एक खोलगट खड्डा होता. आटत आलेलं पाणी त्यात साठवलेलं. काय त्याचा रंग! निळसर, मध्येच गुलाबी झाक, अगदी स्थिर. मी सदरा काढला, अर्ध्या चड्डीवर आत उतरलो. पाणी कमरेच्या वर आलं. म्हटलं, जरा खाली बसू, मान भिजेपर्यंत.

बसायला गेलो, तर बसता येईना!

पुन्हा बसलो. पाय आपोआप वर! पाठ टेकायला गेलो, तर पाण्याने मला अलगद उचललं आणि ठेवलं की वर. हात सोडले. तरी वरच. पायाची बोटं समोर पाण्याबाहेर, दहाच्या दहा, माझ्याकडे बघताहेत. मी, ज्याला जन्मात पोहता येत नव्हतं, तो मी तरंगत होतो!

आता इथे तुम्हाला एक सांगायला हवं. माझी बायको सुमती कृष्णाकाठची. मासळीसारखी पोहायची. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तर सगळं घर नदीवर. सासरे, मेहुणे, मेहुण्या, सगळे पाण्यात. आणि जावईबापू घाटावर कपडे सांभाळत बसलेले. "मला जरा सर्दी आहे," असं मी सांगितलं होतं. ती सर्दी माझ्या मनात सलत होती हो!

त्यामुळे त्या खड्ड्यात उताणा पडून आभाळाकडे बघताना मला काय वाटलं असेल, विचार करा. मला वाटलं, अरे, पोहणं पोहणं म्हणतात ते हेच! भीती सोडली की झालं. मी आजवर उगाच घाबरत होतो. तुम्हाला कळलंय ना काय चाललंय ते? तुम्हाला कळणारच. मला नाही कळलं.

एवढ्यात बांधावरून मिठाची टोपली घेऊन एक आगरी बाई चालली होती. मला बघून ती थबकली आणि ओरडली, "आगं माय! कोन मानूस हाय का मरेल हाय?"

मी ऐटीत हात हलवला.

"ओ दादा, भायेर या! आंग चरचरंल तुमचा! त्या पान्यान कोन आंगूल करतं व्हय?"

कान पाण्यात. मला वाटलं, बाई कौतुक करतेय. मी आणखी एकदा हात हलवला आणि डोळे मिटले. तिच्या हाकेने गजा जागा होऊन आला, इस्माईल पंप हातात घेऊन आला. मी डोळे मिटून पाण्यावर पडलेला.

"मास्तर, तू पोहतोस?" गजा म्हणाला.

"पोहणं काय रे, कुणीही पोहेल," मी म्हणालो. "हे बघ, मी झोपलोय."

परत येताना अंग वाळलं आणि चरचरायला लागलं. पनवेलीत शिरेपर्यंत मी पांढरा झालो होतो. नाक्यावर ब्रेक मारला तर कुणाची तरी गाय आली आणि माझी पोटरी चाटायला लागली. हटता हटेना! इस्माईलने तिला हाकललं, तर ती दुसऱ्या बाजूने आली. मला वाटलं, जनावरांनाही कळतं माणसाचं तेज.

घरी सुमतीने पाठीवरून हात फिरवला. "अगंबाई! केवढा हा घाम! मीठ सांडतंय की हो खाली!"

"ऊनच तसं होतं," मी म्हणालो. "बरं, येत्या रविवारी तू पण चल. तुला एक गंमत दाखवायचीय. मी पाण्यावर झोपतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कुठल्या पाण्यावर?"

"पाणी ते पाणी! त्यात कुठलं काय?"

हे माझं वाक्य बरं का. माझंच.

इकडे गजाने सोमवारी कचेरीत तोंड उघडलं. सोमवारी ते "मास्तर पाण्यावर झोपतात" असं होतं. मंगळवारी केशकर्तनालयात मला विचारलं, "मास्तर, पाण्यावर पडून पेपर वाचता म्हणे?" मी नुसता हसलो. बुधवारी मी पाण्यावर पद्मासन घालायला लागलो होतो. शुक्रवारी भाजीबाजारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "कुणाकडून दीक्षा घेतलीत?"

नाकारायला हवं होतं. हो ना? पण लोक आदराने बघायला लागले, की मान आपोआप जरा ताठ होते. मी म्हणालो, "अभ्यास आहे, दुसरं काय!"

रविवारी सकाळी इस्माईलच्या दुकानात एकही सायकल शिल्लक नव्हती. सगळ्या भाड्याने गेलेल्या! वीसेक सायकली, कुणी डबलसीट, कुणी ट्रिपल. निघायचं होतं नेऱ्याकडे; एवढ्या लोकांना काय मिठागरातला खड्डा दाखवायचा? गाढी नदीला तिथे एक डोह आहे, उन्हाळ्यातही आटत नाही असा. इस्माईलने मात्र एक सायकल माझ्यासाठी राखून ठेवली होती आणि तिच्या कॅरियरवर उशी बांधली होती.

"भाभीजानसाठी," तो म्हणाला. "खड्डे फार आहेत. सांभाळून न्या, सायकल नवी आहे."

नऊवारीतली माझी बायको कॅरियरवर, मी पुढे, मागे वीस सायकलींच्या घंट्या. असली मिरवणूक आमच्या लग्नातसुद्धा निघाली नव्हती! ऊन तर असं, की चढावर माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. गावातला माणूस बायकोला सायकलवर नेतोय म्हणून वाटेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुमती लाजून चूर झाली होती. पण हळूच म्हणाली, "खरंच येतं ना हो तुम्हाला?"

"बघशीलच," मी म्हणालो. त्या वेळी मला जी धाप लागली होती, तिच्यात यापेक्षा मोठं वाक्य मावलं नसतं.

डोहाभोवती सगळे आंब्यांच्या सावलीत बसले. नेऱ्याची दोन-चार माणसंही काय चाललंय ते बघायला आली. मी सदरा काढून गजाच्या हातात दिला. काठावर एक मोठा खडक होता, त्यावर चढलो. एकदा सुमतीकडे बघितलं. आणि मग, गादीवर पडावं तसा, हात पसरून, पाठमोरा, पाण्यावर पडलो.

म्हणजे पडायचं पाण्यावर होतं. पडलो पाण्यात!

थांबेल म्हटलं आता, उचलेल म्हटलं आता. कसलं उचलतंय! हिरवं पाणी, नाकात पाणी, कानात पाणी, आणि मी खाली चाललोय, चाललोय. पद्मासन राहिलं बाजूला, हात कुठे आणि पाय कुठे हेच कळेना. एकदा वर आलो. "अ" एवढंच म्हणालो आणि परत खाली.

आणि काठावर काय चाललं होतं, माहितीये? टाळ्या! मला हे नंतर गजानेच सांगितलं. तो स्वतः सगळ्यांना बजावत होता, "शांत राहा, मास्तरांनी श्वास रोखलाय." ते भाजीबाजारातले म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे होते. कुणी तरी म्हणालं, "समाधी लागली!" जिवाच्या आकांताने मी हात वर काढला, तर लोकांनी उलट हात हलवले!

एकट्या सुमतीला कळलं. तिने पदर खोचला, कासोटा घट्ट केला आणि त्या खडकावरून सूर मारला.

पुढचं मला आठवतं ते एवढंच, की माझी शेंडी कुणी तरी घट्ट धरली होती. तेव्हा मी शेंडी ठेवायचो. त्या दिवशी तिचा एकदाच काय तो उपयोग झाला.

काठावर मला पालथं घातलं, पाणी काढलं. नेऱ्याचा एक म्हातारा सुमतीकडे टक लावून बघत होता. "गो बाय," तो म्हणाला, "तू कोन्च्या गावची? आमच्या गावान असा एक बी गडी नाय!"

आणि मग खऱ्या टाळ्या वाजल्या. माझ्या नव्हेत, तिच्या.

सायकलवर बसण्याची ताकद माझ्यात नव्हती. त्या म्हाताऱ्याने आपली बैलगाडी जुंपली. तीत पेंढ्यावर मी आडवा, अंगावर कुणाची तरी घोंगडी, उशाशी ओलीचिंब सुमती. आणि गाडीच्या मागेपुढे वीस सायकली, कुणी चालवत नव्हतं, सगळे हातात धरून पायी, माना खाली घालून. भर दुपारी! वाटेत एका माणसाने ते दृश्य बघून डोक्यावरची टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"गेलं नाही," गजा म्हणाला, "परत आलं."

इस्माईल तेवढा गाडीला खेटून चालत होता. मला वाटलं, आता हा विचारणार, सायकल कुठे टाकलीत. पण त्याने घोंगडी नीट केली आणि म्हणाला, "मास्तर, हँडल वाकलं तर सरळ होतं हो. तुम्ही गेला असतात तर?" आणि तोंड फिरवून त्याने उगाचच घंटी वाजवली.

घरी आल्यावर सुमतीने गवती चहाचा काढा केला. मी चादर घेऊन भिंतीशी पडलो होतो. मला वाटत होतं, आता ही बोलणार. तिने काढ्याचा पेला हातात दिला आणि शेजारी बसली.

"तुम्हाला पोहता येत नाही, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी नदीवर सर्दी म्हणालात आणि एकदाही शिंकला नाहीत."

"मग अडवलं का नाहीस?"

"एवढ्या हौसेने निघाला होतात. म्हटलं, मला दाखवायचं म्हणून शिकले असतील कुठे तरी. मला केवढं बरं वाटलं होतं, माहितीये?" तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "आता मीच शिकवीन. त्यात काय लाजायचं? पण त्या रविवारी तरंगलात तरी कसे?"

मग मी तिला सगळं सांगितलं. जासईचा रस्ता, मिठागर, तो निळा-गुलाबी खड्डा, वर आलेली पायाची दहा बोटं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ओठ मात्र हलत होते, हसू दाबून धरल्यासारखे.

"एक विचारू?" ती म्हणाली. "होळीच्या सुमाराला तुम्ही शाळेत न्यायला माझ्याकडून एक बटाटा आणि ओंजळभर मीठ मागून नेलं होतंत. आठवीच्या पोरांना दाखवायचंय म्हणालात. साध्या पाण्यात बटाटा बुडतो, आणि तुम्ही मीठ घातलंत की वर येतो."

"बरं, मग?"

"मग तो का वर येतो, म्हणून सांगता हो तुम्ही पोरांना?"

हां, एक तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. हायस्कुलात मी शिकवायचो तो विषय म्हणजे विज्ञान.

वैशाखातल्या त्या उकाड्यात मी चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि आतूनच म्हणालो, "त्याला पोहता येतं."