सासूला रडवणारं गाणं

उटण्याचा वास आला की मला ते दिवाळीचं गाणं ऐकू येतं, स्पीकर बंद असला तरी. माहेरी दिवे लागले आणि लेक तेवढी आली नाही, असं ते गाणं. चाल मात्र वरातीत नाचावं अशी. त्या वर्षी ते इतकं गाजलं, की संभाजीनगरातल्या म्हशीसुद्धा त्याशिवाय पान्हा सोडत नव्हत्या. आई अंथरुणाला खिळलेली, एकच घोकायची, "ताईला आण रे." सणाला लेकीला आणायला भाऊ मुराळी होऊन जातो, तसा मी पैठणला गेलो. ताई मागावर बसलेली, पैठणी अर्धी विणून झालेली, आणि बाजूला मोबाइलवर तेच गाणं. तिची सासू ते ऐकून अशी रडत होती, की जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले असते! मला वाटलं, काम फत्ते. मी पायच धरले. "मावशी, ताईला पाठवा. आईचं काही खरं नाय." तिनं पदरानं डोळे टिपले. "गाणं लई गुणाचं हाय बाबा, काळीज चिरतं. पण सून नाय यायची. गिऱ्हाइकाला पैठणी लग्नाआधी द्यायचीय." मी हात जोडले, भांडलो, उंबऱ्यात आडवा पडलो. शेवटी ताईच मान वर न करता म्हणाली, "जा रे, बस चुकंल." आईची ती शेवटची दिवाळी. गाणं अजून दरवर्षी वाजतं. ताईचा फोन येतो, "लागलं का रे?" मी फोन स्पीकरपाशी धरतो, गाणं संपेपर्यंत.