उसाच्या फडात कबड्डीचं लाइव्ह

लग्नाची शूटिंग करणाऱ्या माणसाला कबड्डीच्या मैदानावर उभं करू नये. हे मी स्वतःवरून सांगतो, आणि वीस वर्षं लग्नं शूट केल्यावर सांगतो. वाशीमला अब्बांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्यानंतर मी व्हिडिओत शिरलो, आणि लोकांना लग्नं मोबाईलवर लाइव्ह पाहिजे झाली तेव्हा तेही शिकलो. निकाह असो, मंगलाष्टकं असोत नाहीतर बुद्धवंदना असो, शूटिंगवाल्याचा कायदा एकच. मान ज्याचा, कॅमेरा त्याच्यावर. नवरी एखाद्या वेळी सुटली तर चालते. नवरदेवाचा मोठा मामा सुटला तर पुढं वर्षभर त्या गल्लीतून मोटरसायकल नेता येत नाही.

तर मानोऱ्याकडच्या एका छोट्या कॉलेजातल्या क्रीडाशिक्षिका मॅडमचा मला फोन आला. मुलींच्या कबड्डीच्या मॅचेस होत्या, लाइव्ह करून द्याल का म्हणाल्या. मी लग्नाचा रेट सांगितला. मॅडमनी लगेच हिशेब मांडला.

"भाऊ, तेवढ्यात तर आमची टीम अख्खी स्पर्धा खेळून, जेवूनखाऊन घरी येते."

मी म्हटलं, मग कायले पाहिजे लाइव्ह? दोन फोटो काढा, ग्रुपवर टाका, झालं. तेव्हा त्यांनी सांगितलं. टीममधल्या अर्ध्याच्या वर पोरी तांड्यांवरच्या. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला जातात, आणि स्पर्धा नेमक्या दिवाळीनंतरच लागतात. कप्तान पोरगी शेवटच्या वर्षाला होती. तीन वर्षं खेळत होती, आणि तिच्या आईनं तिची एकही मॅच पाहिलेली नव्हती. पुढच्या वर्षी कॉलेज संपलं की पाहायला काही उरणारही नव्हतं.

"एकदा तरी मायले दिसू द्या तिच्या," मॅडम म्हणाल्या.

आता मी काही धर्मादाय दवाखाना उघडून बसलेलो नाही. पण लग्नसराई सुरू व्हायला आठ-दहा दिवस होते, आणि खरं सांगायचं तर त्या बाईनं एवढं बोलल्यावर रेटवर अडून बसायची लाज वाटली. पेट्रोल आणि नेटचा खर्च द्या म्हटलं. वरून थोडेफार पैसे द्यायचं कॉलेजनं कबूल केलं. त्या पैशात जे बसतं तेच मी घेऊन गेलो. एक मोबाईल, एक स्टँड, एक सिम.

पहिली मॅच त्यांच्याच मैदानावर होती. सकाळी रिकाम्या मैदानात नेट कसं झकास चालत होतं! मग गर्दी आली, आणि गर्दीच्या खिशातले सगळे मोबाईल त्याच एका टॉवरवर तुटून पडले. माझ्या स्क्रीनवर पोरींचे चौकोन चौकोन व्हायला लागले. तरी मी चिवटपणानं चालू ठेवलं. मध्यंतरानंतर चित्र जरा सुधारलं. गुण बरोबरीत आले, आणि शेवटची चढाई कप्तान पोरीकडे आली. ती मध्यरेषेपाशी उभी राहून मातीला हात लावत होती.

नेमकी तेव्हाच प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. दोन तास उशिरा. स्टेजवर धावपळ, शाल निघाली, नारळ निघाला, हार निघाले. आणि खोटं कशाला सांगू, माझा हात आपोआप फिरला. वीस वर्षांची सवय! हार दिसला की कॅमेरा तिकडे. पाहुण्यांचा सत्कार घेतला, त्यांच्यासोबत आलेल्यांचा घेतला, फेटा बांधणाऱ्याचे हातसुद्धा घेतले. मागं मैदानावर एकच गलका झाला. मी कॅमेरा परत आणला तोवर पोरींनी कप्तानला खांद्यावर उचललेलं होतं.

मी मनात म्हटलं, वा, आपण जिंकलो, कामही छान झालं. सत्कार एकही सुटला नाही.

माझ्या लाइव्हच्या खाली स्टुडिओचा नंबर फिरत असतो. दहाच मिनिटांत त्या नंबरवर फोन आला.

"शूटिंगवाले भाऊ बोलून राह्यले काय?"

"हाव, बोला ना. कोणत्या तारखेचं लग्न हाये?"

"लग्नगिग्न काई नाई. मी त्या कप्तान पोट्टीची माय बोलतो. उसाच्या फडातून."

मी खुशीत म्हटलं, "अरे वा, ताई! जिंकली की पोरगी."

"कशी जिंकली?"

मी स्टँडचा एक पाय मिटला.

"दोन घंट्याचं काम टाकून बसली मी. कोयता खाली ठेवला म्हनून मुकादम वरडला. आन तुमी मले कोनाकोनाचे फेटे दाखवून राह्यले? हार मोजले मी बसून. माई पोट्टी कुठी होती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, ते नेट गेलतं मधात."

"नेट गेलं तं हार कसे दिसले?"

बाप्पा! पकडलंच की तिनं. तिनं फोन ठेवला. मला राग आला, आणि तो आधी तिचाच आला. फुकटाच्या भावात काम करा आणि वरून ऐकून घ्या. मी सामान आवरताना दोनदा स्टँड आपटला. तेवढ्यात ती पोरगी आली, अंगभर माती, चेहरा फुललेला. "भाऊ, माई शेवटची चढाई आली ना बराबर? माय पाहून राह्यली होती." मी म्हटलं, रेकॉर्डिंग पाहून सांगतो. तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.

घरी चहा पिता पिता रेकॉर्डिंग लावलं. चित्रात पाहुणे हार गळ्यात घालून घेतायत, नारळ कोणाकडे द्यावा ते पाहतायत. आणि मागून आवाज येतोय त्या पोरीचा. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. दम न तोडता. तिची सगळी चढाई त्यात आहे, फक्त ती नाही. चहा तसाच राहिला. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

चार दिवसांनी फायनल होती, वाशीमला, म्हणजे माझ्याच गावात. या वेळी मी लग्नाचा मोठा कॅमेरा काढला. दोन कंपन्यांची दोन सिमं घेतली, एक मेलं तर दुसरं चालावं म्हणून. उंची मिळावी म्हणून एका ओळखीच्याची ट्रॅक्टरची ट्रॉली मैदानाच्या कडेला लावून घेतली. वरचा खर्च मी कोणाला सांगितला नाही. आपल्या चुकीचा तो दंड, असं धरून चाललो.

पण कॉलेजचे प्राचार्य सकाळीच येऊन उभे राहिले. माणूस वाईट नाही, पोरींना सरावासाठी सुट्टी देणारा आहे. फक्त त्यांचीही एक अडचण होती.

"हे पाहा, आज संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. सत्कार लाइव्ह गेला पाहिजे, आणि मॅचभर स्टेजही दिसत राहिलं पाहिजे. खर्चाला त्यांनीच मंजुरी दिलीय."

"सर, एका कॅमेऱ्यात दोन गोष्टी कशा येतील? दुसरा कॅमेरा, दुसरा माणूस, दोन्ही चित्रं जोडायचं मशीन. तिप्पट खर्च होते."

"तेवढे पैसे नाहीत हो. तुम्हीच काहीतरी जमवा."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला राहवलं नाही. म्हटलं, सर, जमवतो.

घरी गेलो आणि माळ्यावरून अब्बांनी शेवटी शेवटी हौसेनं घेतलेला कॅसेटचा जुना कॅमेरा काढला. तो केव्हाच मेला आहे. त्यात कॅसेट फिरत नाही, चित्र येत नाही. फक्त बॅटरी लावली की समोरचा लाल दिवा तेवढा लागतो. पण अंगानं असा भारदस्त, की आजकालचे कॅमेरे त्याच्यापुढं खेळणी. तो मोठ्या स्टँडवर चढवून मी स्टेजच्या बरोबर समोर उभा केला आणि दिवा लावला. अध्यक्ष आले, दिवा पाहिला, शाल सारखी केली, पाठ ताठ केली. मॅच संपेपर्यंत स्टेजवर कोणी जांभई दिली नाही. हा लबाडपणा झाला का? झाला. म्हणून सत्काराचे फोटो मी मॅचच्या आधीच चांगले काढून ठेवले होते, ते नंतर फ्रेम करून दिले. अध्यक्ष खूश झाले, प्राचार्यांचा जीव भांड्यात पडला.

मॅच सुरू झाली. ट्रॉलीवरून अख्खं मैदान दिसत होतं, आणि चढाईला मी जवळ जात होतो, इतका की पोरींच्या हातावरची माती दिसावी. पाहणाऱ्यांचा आकडा बघितला. तेवीस. मी मॅडमना वरूनच ओरडून म्हटलं, "मॅडम, एवढ्या खटाटोपीत तेवीस माणसं?"

"भाऊ, एकेका मोबाईलमागं अख्खी टोळी बसली असंन," त्या म्हणाल्या.

कप्तान पोरीनं पहिल्या अर्ध्यात चार गुण आणले. मी एकही सोडला नाही. मध्यंतर झालं आणि माझा फोन वाजला. तोच नंबर. मॅच दुसऱ्या कोणाच्या मोठ्या मोबाईलवर चालू होती, आणि माय तिच्या बटनाच्या फोनवरून बोलत होती. मी मनाशी म्हटलं, आता तारीफ होणार.

"भाऊ, तिच्या डाव्या गुडघ्याले काय झालं?"

"काई नाई ताई, मस्त खेळून राह्यली. चार गुन आनले तिनं."

"थे पाह्यलं मी. परत येताना पाय ओढून राह्यली थे. लहानपनी पडली की अशीच चाले, अन कोनाले सांगे नाई. तिच्या मॅडमले सांगा."

मी स्वतः कॅमेऱ्यातून अर्धा तास त्या पोरीकडे पाहत होतो. मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मॅडमनाही नाही. मी ट्रॉलीवरून उडी मारली आणि मॅडमना सांगितलं. मॅडमनी तिला बसवून गुडघ्यावर बोट दाबलं. पोरगी "काई नाई मॅडम" म्हणाली, आणि म्हणता म्हणताच डोळ्यांत टचकन पाणी आलं. गुडघा चांगला सुजला होता. सकाळी सरावात मुरगळला, फायनल जाईल म्हणून कोणाला बोलली नव्हती.

ती माझ्यावर भडकली. "तुमाले कोनं सांगतलं?"

"तुह्या मायनं."

तिनं गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिले दिसलं?"

"हाव."

"तिथून? गुडघा दिसला तिले?"

मी मान हलवली. ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. माझ्या चित्राची अशी तारीफ वीस वर्षांत कोणी केलेली नाही. लाखाचं लग्न असो की दोन लाखांचं.

मॅडमनी तिला उत्तरार्धात उतरू दिलं नाही. सरबताच्या गाडीवरून बर्फ आणला, रुमालात बांधला, गुडघ्यावर धरला. ती बाहेर ट्रॉलीलगतच्या बाकावर बसून आतल्या पोरींना ओरडून सांगत होती, इकडं सरक, हात धर, सोडू नको. मी ट्रॉलीवर चढलो आणि कॅमेरा सरळ तिच्यावर नेला. आईला काळजी लागली असेल, पोरगी दिसत राहू दे, असं वाटलं. मैदानावर पकडी होत होत्या आणि मी बाक दाखवत होतो. पाच मिनिटं झाली असतील नसतील, फोन वाजला.

"भाऊ, तिले पाह्यलं मी. बरी हाये थे. आता खेळ दाखवा."

"ताई, मी म्हटलं तुमाले..."

"बाकी पोट्ट्यांच्या माया बी इथंच बसल्या ना माह्या बाजूले. त्याहिले काहून उपाशी ठेवता?"

मी कॅमेरा मैदानावर आणला. खाली वाकून फोन त्या पोरीच्या हातात दिला आणि म्हटलं, घे, बोल मायशी.

शेवटच्या मिनिटाला आमच्या टीममधली सगळ्यात लहानखुरी पोरगी चढाईला गेली. तिघींनी घेरली. ती खाली पडली, घासत आली, आणि बोटभर हात मध्यरेषेला लावला. एका गुणानं जिंकलो! मी पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतलं. रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी गडी बोंबलताना ऐकू येतो, तो मीच.

लाइव्ह म्हणतात, पण ते अगदी त्याच क्षणाचं नसतं. चित्र तिकडं पोचायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. इकडं ओरडा होऊन गेला, पंचांनी हात वर केला, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कप्तान पोरगी फोन कानाला लावून बाकावर तशीच बसली होती. मी वरून म्हटलं, थांब, तिकडं अजून व्हायचं हाये. तिनं दुसरा कान हातानं दाबून धरला.

आणि मग फोनमधून बायांचा असा ओरडा आला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. मला ट्रॉलीवर ऐकू आला. त्यात तिच्या मायचा आवाज सगळ्यांत वर होता, आणि ती शेजारणीच्या पोरीचं, त्या लहानखुरीचं, नाव घेऊन ओरडत होती.