असलं कौतुक नको

"धनगराची पोर असून काय हुशार हाय बघा!"

खंडेनवमीचा दिवस. तासगावातल्या आमच्या बेदाण्याच्या कारखान्यात मशीनची पूजा झाली आणि मालकांनी माइकवरून माझं असं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. माझ्या हातात नारळ, अंगावर शाल.

"मेंढरामागं फिरणाऱ्या घरातली. पण बगून वाटतं का?"

सगळे हसले.

मी काय केलं होतं, ते त्यांनी सांगितलंच नाही. परदेशी जाणारा बेदाणा हाताला दमट लागला म्हणून मी पॅकिंग थांबवलं होतं. सुपरवायझर अंगावर ओरडला, तरी हटले नाही. पेट्या फोडल्या तर आत ओल. तसाच गेला असता तर बुरशी लागून सगळा माल परत आला असता. ह्यात माझी जात कुठं आली?

मेंढरांची मला कधीच लाज वाटली नाही. त्यांच्यावरच आम्ही जगलो. लाज ह्यांना वाटत होती, माझ्या वतीनं. शाळेतल्या बाईही असंच म्हणायच्या, "तुमच्यातली वाटत नाहीस गं." तेव्हा लहान होते. आता नव्हते.

मी माइक घेतला. सगळ्यांना वाटलं, आभार मानणार.

"मालक, मी काय काम केलं ते सांगा. जात माजी मी सांगीन."

मालकांचा चेहरा उतरला. "आगं, कौतुकच करतोय की तुजं!"

"ह्याला कौतुक म्हणत न्हाईत."

नारळ मशीनपुढं ठेवला. शाल खुर्चीवर.

पॅकिंगची इनचार्ज मी होणार होते. ती जागा गेली. मला धुलाईला टाकलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास, असं बाया म्हणाल्या. घेतला तर घेतला.

धुलाईत शबाना नवीन आहे. परवा बेदाण्यात काचेचा तुकडा दिसला आणि तिनं मशीन बंद केलं. मी तिथंच, सगळ्यांसमोर म्हणाले, "शबाना, काच दिसल्याबरूबर तू मशीन बंद केलंस. कुणाला इचारत बसली न्हाईस. म्हणून माल वाचला."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. मुसलमानाची असून.

"आनि?" तिनं विचारलं.

"आनि काय न्हाई. एवढंच."

यापुढं माझ्यासमोर शाबासकी देताना कुणी कुणाची जात काढली, धर्म काढला, तर मी मधेच तोडणार. मालक असला तरी. हातात शाल असली तरी.