नांदत्या घरावर बाण नाही

आमच्या विहीणबाईंना बसवून ठेवील अशी खुर्ची पृथ्वीच्या पाठीवर अजून कुणी बनवलेली नाही. माझ्या सुनेची ही आई, इथे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या पलीकडच्याच गल्लीत राहतात. राहतात म्हणायचं आपलं. घरी त्या फक्त चपला बदलायला येतात. चहासुद्धा उभ्यानंच, अर्धा आमच्याकडे, उरलेला पुढच्या घरी. पोरांचं लग्न ठरवायच्या बैठकीत मी म्हटलं, "बसा ना, विहीणबाई." तर म्हणाल्या, "तुमी बोला ना, मी आयकून राह्यली," आणि ऐकता ऐकता आमच्या परसातला कढीपत्ता पाहून आल्या.

गेल्या काही वर्षांत या पायांना एक कामही मिळालं. आपल्या गावात एवढी लिहिणारी माणसं होऊन गेली आणि पोरांना त्यांची घरंही ठाऊक नाहीत, याचा त्यांना एकाएकी संताप आला. मग काय, गेरूचा डबा आणि ब्रश घेऊन त्यांनी भिंतीभिंतींवर बाण काढले. बाणांमागून चालत गेलं की आधी लागतं गुरुजींचं घर. लांजी-खैरलांजीकडे दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते ना, तिथल्या नाटकवाल्यांना ते नाटकं लिहून देत. त्यांच्या घरात आता मोबाइल दुरुस्त होतात. पुढे, जिच्या मंगलाष्टकांवाचून गावात अक्षता पडत नसत त्या बाईंचं घर. तिथे ब्यूटी पार्लर आहे, म्हणजे नवऱ्या अजूनही तिथूनच निघतात. शेवटी भरवेलीच्या खाणीत कामाला जाणाऱ्या कवीची खोली. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्याकडे आजही त्यांचीच गाणी म्हणतात.

नियम एकच, ज्याचं त्यानं फिरायचं, सांगायला सोबत कुणी नको. हा नियम सगळ्यांनी पाळला, विहीणबाई सोडून. कुणी बाण पाहून वळलं की ह्या मागच्या बोळातून धापा टाकत हजर. "खालतं काहून पाहून राह्यले? वरची खिडकी पहा. नीचे का तो बाद में बना. चलो, आगे चलो." तो बिचारा मान वर करेपर्यंत ह्या पुढच्या घरापाशी.

एकदा एक बाण त्यांनी लोखंडी फाटकावर काढला. फाटक बंद असलं की बाण रस्ता दाखवी, उघडलं की थेट घरात. गोंदियाहून आलेलं एक जोडपं, सोबत तरणा मुलगा, बाणाप्रमाणे सरळ आत गेलं. त्या घरात लग्नाची मुलगी. आईनं पोहे पुढे केले, मुलीला साडी नेसवून बाहेर आणलं. पाहुण्यांना वाटलं, ही लेखकाची नात. मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, "तू पण लिहितेस का?" मुलगी म्हणाली, "टायपिंग येते." तेवढ्यात विहीणबाई दारात.

"अवं, हे पाहुणे माझे आहेत. वापस द्या."

"पोहे खाल्ले त्याहीनं," घरची बाई म्हणाली, "आता माझे."

लग्न काही जमलं नाही, पण बाण फाटकावरून भिंतीवर आला.

माझीही दोन पातळ पुस्तकं आहेत. "माझ्या घरावर बाण कधी?" असं मी त्यांना छेडायची. त्या म्हणायच्या, "नांदत्या घरावर मी बाण नाही काढत. आधी तुमी जा."

"कुठे जाऊ?"

"कुठंबी. वर जा, नाहीतर नागपूरले जा."

आणि यंदा नागपूरचंच निघालं. तिथे सुनेला दुसरं बाळ झालं, तिची रजा संपली, घरात मोठं माणूस हवं. आधी विहीणबाईच गेल्या होत्या लेकीकडे. उंच इमारतीतला फ्लॅट. दिवसभर जिना चढत-उतरत राहिल्या आणि आठवड्यात परतल्या. मग सुनेनं मला बोलावलं. विहीणबाईंना 'जा' म्हणवेना, आणि 'नका जाऊ' तरी कोणत्या तोंडानं म्हणणार?

निघायच्या दिवशी सकाळीच आल्या. पिशवीत गेरूचा डबा होता. मी कुलूप लावता लावता म्हटलं, "काढून टाका आता. डावीकडच्या भिंतीवर चांगला दिसेल." त्यांनी डबा पिशवीतून काढलाच नाही. ओट्यावर बसल्या, चांगल्या मांडी घालून. ऑटो आला, सामान चढलं. मी म्हटलं, "चला ना वळणापर्यंत." तर म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं. मी बसली आहे जराशी."

इथे आता नातवाला खांद्यावर घेऊन मी या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालते. तो झोपतो, तरी मला बसवत नाही. मग फोन लावते. "काढला का बाण?"

"कुठचा काढते. भित वली आहे, वाळू तर द्या."

पुढच्या वेळी गेरू संपलेला असतो, त्याच्या पुढच्या वेळी ब्रश सापडत नसतो. परवा म्हणाल्या, "तुमचं आंगण झाडलं, कढीपत्त्याले पाणी घातलं. घर नांदतं दिसलं पाह्यजे ना, नाहीतर लोक म्हणतीन, बाण काढा."

एरवी त्यांच्या फोनमध्ये रस्ता ऐकू येतो, गाड्या, चपला, कुणाला तरी दिलेली हाक. त्या दिवशी काहीच येईना. मी विचारलं, "आहात कुठे?"

"तुमच्या ओट्यावर," म्हणाल्या. "बसली आहे."