सासऱ्यांबरोबर कोरियाच्या कचेरीत

लग्न होऊन मी काष्टीला आले तेव्हा सासऱ्यांशी बोलायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नाही. ते आपोआप कळलं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा शेतावरून आले की ओसरीवर आधी खाकरत, म्हणजे मी पदर सावरून आत सरकायची. त्यांना चहा हवा असला की ते सासूबाईंना म्हणत, "च्या टाकाया सांग." मी तिथेच दाराआड उभी असे आणि सासूबाईंनी सांगायच्या आत आधण ठेवलेलं असे. यात मला वाईट काही वाटलं नाही. मी नगरची, शिक्षकाची मुलगी, कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली. पण त्या काळी रीत म्हणजे रीत.

हे नगरच्या एका कॉलेजात हिंदी शिकवत. लग्नानंतर काही महिन्यांतच त्यांना दक्षिण कोरियातल्या एका विद्यापीठातून बोलावणं आलं, तिथल्या मुलांना हिंदी शिकवायला. कोरियात हिंदी कोण शिकणार, यावर गावात बरेच दिवस चर्चा चालली. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार होते. कोरियातली लढाई थांबल्यावर कैद्यांवर पहारा करायला आपली जी पलटण गेली होती, तीत ते होते. बाजाराच्या दिवशी आमच्या ओसरीवर टेकले की ते सांगत, "लई थंडी. नदीवरनं ट्रक जात्यात. खाली पानी अन वर ट्रक." सासूबाई त्यांना पान देत आणि ते गेल्यावर म्हणत, "पेन्शनीत गेल्याव मानूस कायबी सांगतंय."

हे गेले आणि पत्रं येऊ लागली. घरात वाचणारी मी एकटीच. तिन्हीसांजेला सासूबाई देवापाशी दिवा लावून बसत, मी माजघराच्या दारात, आणि मामा ओसरीवर आमच्याकडे पाठ करून. मी मोठ्यानं वाचत असे. माझा आवाज मामांच्या कानावर पडे तो तेवढाच. पत्राच्या शेवटी यांनी माझ्यासाठी म्हणून चार ओळी लिहिलेल्या असत. त्या मी गाळायची. मामांना ते कळत असावं, कारण मी थांबले की ते लगेच उठत आणि बैलांना वैरण टाकायला जात.

मग मला तिकडे बोलावून घ्यायचं ठरलं. पासपोर्ट मुंबईहून आला. व्हिसा मात्र दिल्लीहून मिळायचा होता. तेव्हा दिल्लीत कोरियाची मोठी वकिलात नव्हती, नुसतं कॉन्सुलेट होतं. अर्ज टपालानं पाठवला तर उत्तर आलं की अर्जदारानं स्वतः यावं आणि लग्नाचा पुरावा आणावा. माझा भाऊ बरोबर येणार होता, पण नेमकी त्याच सुमारास त्याला नोकरीवर रुजू व्हायची ऑर्डर आली. यांना सख्खा भाऊ नाही.

"मंग ऱ्हाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "फुडल्या साली बघू."

त्यांचंही चुकत नव्हतं. दुष्काळाचा हिवाळा होता. विहिरीचा तळ दिसत होता, गावातली अर्धी माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती. अशा वर्षी सून परदेशाला निघालेली, याची मलाच पाण्याला जाताना लाज वाटे. तेवढ्यात ओसरीवरून मामांचा आवाज आला.

"म्या जातो तिच्यासंगं."

सासूबाईंनी दारातून डोकावून पाहिलं. मामा सुतळी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

काष्टी स्टेशनावरून आम्ही मनमाडला निघालो. मामांनी नवं धोतर, काळा कोट आणि फेटा असा पोशाख केला होता. सासूबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. गाडी सुटली आणि माझ्या लक्षात आलं, आता आमच्यामध्ये कुणीच नाही. बोलायचं तर कुणाकरवी? आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी खिडकीबाहेर बघत होते, तेही बघत होते. मनमाड येईपर्यंत एक शब्द झाला नाही.

मनमाडला दिल्लीची गाडी मिळाली. बऱ्याच वेळानं मामा खिडकीच्या गजांकडे बघत म्हणाले, "च्या घ्यावा का म्हन्तो."

मीही गजांनाच उत्तर दिलं, "घेऊ की."

असं गजांशी बोलणं भुसावळपर्यंत चाललं. पुढे एक बाई पोरांना घेऊन आमच्या बाकावर बसली. ती हिंदीत विचारू लागली, हे कोण तुमचे, कुठे चाललात. मला तिचं मामांना आणि मामांचं तिला सांगावं लागलं. त्या गडबडीत आम्ही एकमेकांकडे बघून बोलायला लागलो, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. खांडव्याच्या पुढे मामा मला विचारत होते की या मुलखात तूर एवढी दाट कशी पेरतात.

दिल्लीत एका धर्मशाळेत उतरलो आणि सकाळी कॉन्सुलेट शोधत गेलो. ते एका बंगल्यात होतं, पुढे हिरवळ राखलेली. ती हिरवळ बघून मामा क्षणभर थांबले. दारात त्यांनी वहाणा काढल्या. शिपाई म्हणाला, राहू द्या. त्यांनी त्या तरीही काढून भिंतीला नीट लावून ठेवल्या. आत विजेची शेगडी लालभडक पेटलेली होती. आम्ही सोफ्याच्या कडेवर बसलो.

अधिकारी पन्नाशीचे असतील, जाड भिंगांचा चष्मा. आत येताच त्यांनी मामांना कमरेत वाकून नमस्कार केला. मामांनी उठून रामराम केला. ते पुन्हा वाकले, म्हणून मामाही पुन्हा वाकले. साहेबांचं इंग्रजी शब्द निवडून बोलल्यासारखं होतं आणि माझंही तसंच, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

कागद बघता बघता ते लग्नाच्या पुराव्यापाशी आले. माझ्याजवळ लग्नपत्रिका होती, ती मराठीत. एक फोटो होता, त्यात मुंडावळ्यांखाली माझी हनुवटी तेवढी दिसत होती. साहेबांनी फोटो बघितला, मग मला बघितलं. सरकारी नोंदणीचा कागद नाही का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या गावात लग्नं मांडवात होतात, नोंदणी कुणी करत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण पुढचा कागदही उलटला नाही.

"काय म्हन्तोय सायब?" मामांनी विचारलं.

"लग्नाचा पुरावा मागतायत."

"मंग म्या हाय की."

मी ते सांगितलं. साहेब किंचित हसले आणि म्हणाले, त्यांना बोलू द्या.

मामा उभे राहिले. गावच्या सभेतही ते फार बोलत नसत, मागे उभे राहून ऐकत. इथे मात्र थांबत थांबत बोलले. "सायबाला सांग, लगीन म्या लावून दिलंय, समद्या गावानं अक्षता टाकल्यात. पोरगं गेलं तवा घरात हिच्याबिगर वाचनारं कुनी न्हवतं. पोरगं तुमच्या मुलखात बसलंय. त्याची पत्रं हीच वाचती. हिच्या तोंडून पोरगं आमाला बोलतंय. ही गेली म्हंजी घर मुकं हुनार, हे मला ठावं हाय. तरीबी म्या हिला घिऊन आलोय. लेकीवानी हाय ती. लबाड बोलाया एवढ्या लांब कोन यील?"

मी साहेबांना म्हटलं, "लग्न त्यांनी लावून दिलं असं ते म्हणतात. आणि पत्रं मी वाचते, असं म्हणतात."

साहेबांनी एकदा मामांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग हळू म्हणाले, "ते पुष्कळ बोलले. तुम्ही थोडं सांगितलंत."

मग मला सगळं सांगावं लागलं. 'मी' म्हणावं की 'ती' म्हणावं, तेच कळेना. शेवटी 'ती' म्हटलं. मुलगा गेला तेव्हा घरात तिच्याशिवाय वाचणारं कुणी नव्हतं. ती गेली की घर मुकं होईल. ती लेकीसारखी आहे. दुसऱ्याच कुणा बाईबद्दल बोलावं तसं मी बोलले आणि बोलताना मामांकडे बघितलं नाही. मामाही शेगडीकडे बघत होते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "माझे वडील उत्तरेत राहिले," ते म्हणाले. "लढाईनंतर. तिकडून पत्र येत नाही."

मी ते मामांना सांगितलं. मामा खाली बसले आणि बराच वेळ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून राहिले.

साहेबांनी तोडगा सांगितला. नवऱ्याच्या वडिलांनी कोर्टात प्रतिज्ञापत्र करावं, इंग्रजीत, म्हणजे त्यांना ते कागदांना जोडता येईल. आम्ही कोर्टाचा पत्ता विचारत गेलो. आवारात झाडाखाली टायपिंगवाले बसले होते. एकानं मजकूर टाइप करून दिला, मी तो मामांना मराठीत वाचून दाखवला. मामांना सही तेवढी यायची. ती त्यांनी जीभ दातांत धरून, सावकाश केली. दुसऱ्या दिवशी कागद कॉन्सुलेटात दिला. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला आणि रजिस्टरनं पाठवू म्हणाले.

परतीच्या गाडीत मामा अचानक म्हणाले, "घरी सांगू नगंस."

"काय?"

"म्या तिथं बोललो ते."

"नाही सांगत," मी म्हटलं. सासूबाईंना मी सांगितलं ते एवढंच की साहेब चांगला होता आणि कागद करून घेतला.

पाडव्याच्या आधी पासपोर्ट आला, आत कोरियाचा शिक्का. सासूबाईंनी तो शिक्का बोटानं चाचपून बघितला आणि विचारलं, "ह्येच व्हय? एवढंच?" मग माझ्या ट्रंकेत लोणच्याची बरणी कुठे बसेल, याची त्यांना काळजी लागली.

सोलमध्ये आम्ही दोन वर्षं राहिलो. गोठलेली नदी मी बघितली. तिच्यावर माणसं चालत होती, ट्रक काही दिसला नाही. पण सुभेदारांना मी ट्रक दिसला असंच कळवलं. आमची पत्रं तोवर घरी शाळेचे एक मास्तर वाचून दाखवत. मामा त्यांना दर वेळी जेवायला घालत, असं सासूबाई कौतुकानं सांगायच्या.

आम्ही परत आलो त्या दिवशी ओसरीवर गावातली माणसं जमली होती. मी सगळ्यांसाठी चहा घेऊन बाहेर गेले. मामांसमोर कप ठेवला आणि विचारलं, "मामा, साखर पुरे का?"

माणसं बोलायची थांबली. माजघरातून सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"पुरे," मामा म्हणाले. "बस हितं. तिकडली बैलं कसली असत्यात, ते सांग."

मी ओसरीच्या कडेला बसले आणि सांगू लागले.