बनावट बेळगुंदी

आप्पा कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसण्याआधी ती उचलून बघत. एका हातानं, पाठीला धरून, वीतभर वर. मग खाली ठेवून यजमानाकडे असं बघत, जणू त्यानं घरात चोरीचा माल ठेवला असावा. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा वडिलांच्या वेळची सागवानी खुर्ची त्यांनी अशीच उचलली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "एवढं लाकूड कशापायी, रकानेवाले? बसनारा तर अर्धाच मानूस हाय." माझी बायको आत फिदीफिदी हसली. त्या खुर्चीवर मी पुढं कधी मोकळेपणानं बसलो नाही.

रकानेवाले म्हणजे मी. बेळगावच्या कचेरीत मोटारींच्या नोंदणीचं टेबल माझ्याकडे होतं. मी जन्मभर छापील रकाने निमूटपणे भरले. आप्पा एका रकान्यासाठी दहा-अकरा वर्षं अडून बसले. त्या एका रकान्यानं माझी नोकरी जितकी ढवळली तितकी कुठल्या साहेबानं ढवळली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आप्पा बेळगुंदीचे. धंदा बैलगाड्या करण्याचा, पण नाव झालं ते शर्यतीच्या छकड्यांमुळं. जत्रेतल्या शर्यतीत त्यांचा छकडा पुढं निघाला की लोक ओरडत, "बेळगुंदीची गाडी आली." बैल कुणाचे आणि हाकणारा कोण, ही चौकशी नंतर. छकडा हलका कसा करायचा, याचं त्यांचं शास्त्र एका ओळीत मावायचं. "एकेक काढत जायाचं. मोडलं तर परत घालू. न्हाय मोडलं तर ते वझंच हुतं." हे शास्त्र ते सगळीकडे लावत. त्यांच्या पत्नी आक्का म्हणायच्या, "ह्येंच्या हातात पाटा दिला तर वरवंटा करून आनतील."

तर निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची बंद मोटार तवंदी घाटाच्या वळणावर कलंडली. माणसं वाचली, मोटारीचं वरचं अंग चेपून पार पापड झालं. आप्पा त्याच आठवड्यात त्या व्यापाऱ्याकडे नवी बैलगाडी पोचवायला गेले होते. तो म्हणाला, "घेऊन जा हे धूड. खुराड्याला पत्रा होईल." आप्पांनी वाकून इंजिन बघितलं आणि म्हणाले, ह्यातनं मोटार हुईल. व्यापारी पोट धरून हसला. "आप्पा, मोटार करनं आपल्या लोकांचं काम न्हवं. आपन फकस्त बसायचं." बैलांच्या दोन जोड्या लावून आप्पांनी ते धूड बेळगुंदीला ओढत आणलं.

पुढचं दीड वर्ष बेळगुंदीत छकडे झाले नाहीत. मोटारीचं छप्पर गेलं, दारं गेली, मागची बैठक गेली. खालचा लोखंडी सांगाडाच त्यांनी दीड हात कापला आणि गावच्या लोहाराकडून रिव्हेटा मारून परत जोडला. चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या पोलादी पाट्यांची पानं एकेक करून काढली आणि दर वेळी बांधांवरून मोटार उडवून बघितली. चौथं पान काढल्यावर पाटा मोडला, तेव्हा चौथं परत घातलं आणि त्या दिवशी घरात गोड केलं. वर शिवणीच्या लाकडाची चौकट, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर अळशीचं तेल पाजलेली ताडपत्री. बसायला खानापूरच्या वेताच्या दोन बैठका. मोटारीच्या तोंडाला त्यांनी बेंदराच्या सणाला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल रंग दिला. दोघांची मोटार, माणसाच्या कमरेएवढी उंच. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, हिला कुणीतरी बसायला सांगितलंय.

बघितली ती कचेरीच्या दारात, कारण आप्पा नंबर मागायला आले. अर्जाचा नमुना इंग्रजीत असायचा आणि गावाकडच्या लोकांसाठी मी तो मराठीत वाचायचो. मालकाचं नाव झालं, गाव झालं. मग आला 'मेक'चा रकाना. त्याला आमच्या कचेरीत पूर्वापार एक मराठी शब्द होता आणि तो मी सवयीनं उच्चारला.

"बनावट?"

आप्पांचा चेहरा काळवंडला. "कोन म्हंतो बनावट? अस्सल हाय. हात लावून बघा."

मी घाईघाईनं समजावलं, की बनावट म्हणजे खोटी असं नव्हे, कुणी बनवली ते सांगायचं. आप्पा शांत झाले. "मंग असं इचारा की. बेळगुंदी लिवा." पण बाकावर बसलेल्या चार-पाच जणांनी ऐकलं होतं. दुपारपर्यंत खडेबाजारात गोष्ट पसरली आणि आप्पांचं नाव 'बनावट आप्पा' पडलं. दुसऱ्या कुणी तोंड लपवलं असतं. आप्पांनी आठवड्याभरात मोटारीच्या पाठीवर ठसठशीत लाल अक्षरांत रंगवून घेतलं, 'बनावट बेळगुंदी'. "लोकं म्हनत्यातच, तर निदान सुद्द तरी म्हनू देत," असं त्यांचं म्हणणं.

आमचा साहेब गोरा, तरुण, स्वभावानं वाईट नव्हता. वाईट नसलेली माणसं जास्त अडवतात, असा माझा अनुभव आहे. त्यानं ब्रेक तपासले, दिवे तपासले आणि कॅम्पातल्या उतारावर मोटार स्वतः चालवून बघितली. परत आला तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती आणि चेहरा लालबुंद होता. काही कारण नसताना त्यानं आणखी एक फेरी मारली. मोटार पास झाल्याचा कागद सही करून माझ्यापुढं टाकला, आणि मेकच्या रकान्यात त्या मोडक्या मोटारीच्या विलायती कंपनीचं नाव लिहायला सांगितलं.

आप्पांनी मला विचारलं, काय लिवतायसा? मी सांगितलं. ते म्हणाले, न्हाय.

मग माझ्यामार्फत जे झालं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. साहेबानं विचारलं, इंजिन कुणाचं? आप्पा म्हणाले, त्येंचंच. चाकं? त्येंचीच. मग गाडी तुझी कशी?

"साहेबास्नी सांगा," आप्पा म्हणाले, "छकड्याला बैल लागत्यात. बैल काय मी जल्माला घातलं न्हाईत. तरी गाडी कुनाची म्हनत्यात, ते ह्या शिपायालाच इचारा."

दारातला शिपाई बेळगुंदीजवळच्या उचगावचा. मी विचारायच्या आतच तो म्हणाला, "बेळगुंदीची." आणि मग घाबरून बाहेर गेला.

साहेबानं छापील यादी काढून दाखवली. यादीत बेळगुंदी नावाची कंपनी नव्हती. जुनं नाव चालत असेल तर नंबर आत्ता, या क्षणी, नाही तर कधीच नाही, असं त्यानं सांगितलं. आप्पांनी माझ्या टेबलावरून अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या खिशात ठेवला. "मंग नंबर ऱ्हाऊ द्या."

बिननंबरी मोटार रस्त्यावर आणायला बंदी होती. बैलांना बंदी नव्हती. पुढच्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, आप्पांनी मोटारीला जू बांधलं, खोंडांची जोडी जुंपली आणि स्वतः स्टिअरिंगच्या चाकामागं बसून कासरे धरून खडेबाजारातून थेट कचेरीसमोर आले. तिथल्या कडुलिंबाखाली बैल सोडले, त्यांना वैरण घातली, भाकरी खाल्ली, दोन वाजता परत गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. एका पोलिसानं अडवलं, तेव्हा आप्पांनी त्याचा हात धरून इंजिनावर ठेवला. "गार हाय का न्हाय? मंग ही गाडी हाय, मोटार न्हवं." साहेब खिडकीतून बघायचा. एक-दोनदा मला वाटलं की तो हसतोय, पण यादी काही बदलली नाही.

मी त्या दिवसांत एक चूक केली. शहाणपण शिकवायला गेलो. लिंबाखाली त्यांच्याशेजारी बसून म्हणालो, "आप्पा, लिहू द्या ना त्या कंपनीचं नाव. कागद तो. मोटार पळण्याशी कारण." आप्पांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "तुमच्या लेकराच्या दाखल्यावर बापाच्या जागी शेजाऱ्याचं नाव लिवलं तर चालंल काय? शेजारी मोठा हाय, इलायतेसनं आलाय." मला राग आला. पुढचे दोन शनिवार मी बाहेरच गेलो नाही. तिसऱ्या शनिवारी शिपायाबरोबर त्यांनी निरोप धाडला, "रकानेवाल्यास्नी म्हनावं, ठेचा आनलाय." मी गेलो. मला लाज वाटत होती आणि ठेचा फार तिखट होता, त्यामुळं डोळ्यांतल्या पाण्याचं कारण सांगावं लागलं नाही.

मग लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. नंबरवाल्या बड्या बड्या मोटारी बैलांनी ओढून नेण्याची पाळी आली. आप्पा रस्त्याकडेला थांबून त्यांना सल्ले देत, "जू जरा फुडं घ्या, शेठ. मागं लई वझं हाय."

लढाई संपली. पुढं स्वातंत्र्य आलं, साहेब गेला आणि त्याच्या खुर्चीवर आपल्यातलाच अधिकारी आला. पहिल्याच शनिवारी आप्पा आले. पांढराशुभ्र फेटा, बैलांच्या शिंगांना ताजा रंग, खिशात तोच चार घड्यांचा अर्ज. मीच त्यांना आत नेलं. या वेळी दुभाषाची गरज नव्हती, याचा मला केवढा आनंद झाला होता.

नव्या अधिकाऱ्यांनी बसायला सांगितलं. आप्पांनी खुर्ची उचलून बघितली आणि उभेच राहिले. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आप्पा, तुमची भावना समजते. पण यादी अजून जुनीच चालू आहे. वरून हुकूम येईपर्यंत जुन्या कंपनीचं नाव घाला."

आप्पांनी खिशातला अर्ज काढून टेबलावर उलगडला. मग त्यांनी विचारलं, "साहेब गेला म्हंत्यात?"

"गेले की."

"मंग ह्यो रकाना कुनाचा?"

अधिकारी कसनुसं हसले, घड्याळाकडे बघितलं आणि जेवायला निघून गेले.

आप्पा माझ्या टेबलापाशी आले. अर्ज परत घडी करायला लागले, तर तो घड्यांवर फाटला. चार तुकडे झाले. तुकडे जुळवत ते उभे राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले. मला ते सहन झालं नाही, एवढंच खरं. देशप्रेम वगैरे मी नंतर मनाशी रचलं. नोंदणीच्या कोऱ्या पुस्तकांवर अधिकाऱ्यांनी सकाळीच सह्या करून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. जुन्या साहेबाचा मोटार पास झाल्याचा कागद मी जपून ठेवला होताच. रजिस्टर ओढलं, नंबर घातला आणि मेकच्या रकान्यात माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं, 'बेळगुंदी'. शिक्का मारला. पुस्तक आप्पांच्या हातात दिलं.

त्यांनी ते तळहातावर ठेवलं आणि वीतभर वर उचलून बघितलं. मग म्हणाले, "ह्यातलं काय बी काढू नगा."

बाहेर जाऊन त्यांनी बैल सोडले, कासरे उचगावच्या शिपायाच्या हातात दिले, पांढऱ्या रंगानं पुढं-मागं नंबर घातला आणि हँडल मारलं. खडेबाजारातून मोटार गेली तेव्हा दुकानदार फळीवर उभे राहून बघत होते. शिपायानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बैल बेळगुंदीला पोचवून आला.

महिनाभरात वरून पत्र आलं. नोंद चुकीची असून संबंधित कारकुनानं ती खोडावी. मी रात्रंदिवस नोकरीला भिणारा माणूस, पण उत्तर लिहायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. 'सदर नोंदीतून काही काढता येत नाही.' नोकरीतलं माझं सर्वांत आखूड उत्तर. ते वाचून खोडण्याचं काम दुसऱ्या कुणी अंगावर घेतलं नाही. माझी मात्र बदली झाली. निपाणीच्या लहान कचेरीत, जनावरांच्या दाखल्यांच्या टेबलावर. आप्पांना कळलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं. बैलांस्नी कंपनी इचारत न्हाईत."

पोचवायला तेच आले. बायको-मुलं मागाहून यायची होती. आप्पांनी माझी ट्रंक उचलून बघितली, खाली ठेवली, उघडली, आणि माझ्यादेखत अर्धी रिकामी केली. दोन कोट, पितळी तांब्या, कचेरीतल्या जुन्या परिपत्रकांचा गठ्ठा. "मोडलं तर परत घालू," असं बायकोला सांगून निघाले. त्या गठ्ठ्यावाचून माझं आजपर्यंत काही मोडलेलं नाही. संकेश्वर मागं पडल्यावर त्यांनी मोटार अशी सोडली की मी डोळे मिटून घेतले. तवंदी घाटात, जुनी मोटार कलंडली होती त्या वळणावर, त्यांनी ती थांबवली. खाली उतरून दरीत बघितलं. "हितं मेलती," एवढंच म्हणाले आणि परत चाकामागं बसले. वर्षभरात आप्पा गेले. आमची ती शेवटची भेट. म्हणून तिचं शेवटचं टोक मी घट्ट धरून ठेवलंय.

निपाणीच्या नाक्यावर अडसर खाली होता. शिपाई वही घेऊन आला, मोटारीभोवती एक चक्कर मारली, लाल तोंड बघितलं, वेताच्या बैठका बघितल्या.

"कुठल्या कंपनीची म्हनायची?"

आप्पांनी चाकावरचे हात काढले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा, रकानेवाले. तुमीच लिवलासा न्हवं."

"बेळगुंदी," मी म्हणालो.

शिपायानं ते वहीत लिहून घेतलं आणि अडसर वर केला.