द्वारकाबाईनं खणलेला ओढा

बिडकीनजवळच्या शिवारात कॅनॉल आला तेव्हा द्वारकाबाईनं हौसेनं नारळ फोडला होता. पंधरा-वीस वर्षांत त्याच पाण्यानं तिच्या तीन एकरांत मीठ फुटलं. सकाळी रान पांढरंफेक दिसायचं आणि गहू वीतभर वाढून पिवळा पडायचा.

कृषी खात्यातल्या एकानं सांगितलं, "आधी चर खणून खारं पाणी बाहेर काढा. मग जिप्सम टाका, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडा."

द्वारकाबाई आणि तिचा नवरा रामकिसन, दोघं दोन उन्हाळे खपले. बांधापासून खालच्या नाल्यापर्यंत छातीइतका चर खणला. त्यातनं बारमाही पाणी वाहू लागलं. तिसऱ्या साली गहू गुडघ्याला आला.

तेवढ्यात मोजणीवाले आले. वाहतं पाणी बघून त्यांनी नकाशात ओढा मांडला. महिन्याभरानं नोटीस आली: नैसर्गिक ओढ्याच्या पात्रालगत गहू का पेरला, खुलासा करा.

द्वारकाबाई तडक कचेरीत गेली. "साहेब, तो ओढा नाय. म्या खंदलाय."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, ओढा कुणी खणतं का? पुरावा आहे?"

तिनं हातांचे घट्टे दाखवले.

"घट्टे कशानंही पडतात. नकाशात ओढा आहे."

"आन् नकाशाच्या आदी?"

"आधीही असणार. तुमचं लक्ष नसेल."

त्या दिवशी ती जेवली नाही. दोन उन्हाळ्यांची मेहनत परस्पर देवाच्या नावावर चढली, हेच तिला लागलं होतं. रामकिसन म्हणाला, "पानी वाहतंय ना? मंग वाहू दे की."

खुलासा फायलीतच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात मात्र शेतावर पोकलेन येऊन उभं राहिलं. ओढ्याचं पुनरुज्जीवन होतं म्हणे. चार दिवसांत चर दुप्पट खोल झाला. मग मंडप पडला आणि ओढ्याकाठच्या जुन्या रहिवासी म्हणून द्वारकाबाईचा सत्कार ठरला. साहेबांनी माईक पुढं केला. "मावशी, लहानपणी तुम्ही हा ओढा कसा पाहिला?"

"नव्हताच, म्हून तर खंदला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी लोकांना समजावलं, "मावशींना गाळ काढला म्हणायचंय."

त्या पावसाळ्यात उरलंसुरलं मीठ धुऊन गेलं. गहू कमरेला लागला, एकरी बारा पोती झाली. गावातल्या बाया आता ओढ्याची ओटी भरायला येतात. द्वारकाबाई त्यांना बांधावरची वाट दाखवते आणि गव्हात कुणी घुसलं की जोरात ओरडते.